स्वस्त चिनी मोटारसायकल किती वर्षे चालते?

जपानी गाडीच्या निम्म्या किमतीत, जवळपास तिच्यासारखीच दिसणारी चिनी मोटारसायकल समोर उभी असते, तेव्हा ती घेऊ पाहणाऱ्याचा प्रश्न साधा असतो : ही किती वर्षे चालेल? आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत गेली पंचवीस-तीस वर्षे लक्षावधी कुटुंबांसमोर हा प्रश्न उभा राहिला आहे. हौसेने गाडी घेणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याला मनस्ताप होतो. कर्ज काढून तीच गाडी भाड्याने चालवणाऱ्याचा अंदाज चुकला तर घरखर्चाचे गणितच मोडते. हप्ते फिटण्याआधी गाडी बंद पडली की कमाई थांबते आणि कर्ज तेवढे मागे उरते.

या प्रश्नाला बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. चिनी गाडी वर्षभरात भंगारात जाते, असे एकजण ठामपणे सांगतो. आपली गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर धावली तरी इंजिन उघडावे लागले नाही, असे दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो. दोघेही खरे बोलत असू शकतात. या गाड्यांची घडण आणि त्यांचा बाजार कसा उभा राहिला हे पाहिले की या विसंगतीचा उलगडा होतो. गाडीचे आयुष्य इंजिनापेक्षा त्याच्याभोवतीच्या लहानसहान भागांवर, आणि त्याहूनही अधिक ते भाग पाच वर्षांनंतर कोण पुरवणार यावर अवलंबून असते.

मूळ आराखडा

स्वस्त चिनी गाड्यांतील १२५ ते २०० सी.सी.ची बहुसंख्य इंजिने एका जपानी इंजिनाच्या वंशातली आहेत. होंडा कंपनीने १९७० च्या दशकात विकसनशील देशांतील आपल्या गाड्यांची पाहणी केली. तेथे गाडीवर क्षमतेबाहेर ओझे लादले जात होते, ऑइल वेळेवर बदलले जात नव्हते आणि टायमिंग चेनची देखभाल होत नव्हती. या अनुभवातून १९७६ च्या सुमारास 'सीजी १२५' ही गाडी बाजारात आली. तिच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर न ठेवता खाली क्रँकशाफ्टजवळ ठेवला होता. तो साखळीऐवजी दातेरी चाकाने फिरतो आणि वरचे व्हॉल्व्ह पुशरॉडच्या साहाय्याने उघडतात. हे तंत्र त्या काळीही जुनेच मानले जाई. परंतु ताण द्यावी लागणारी टायमिंग चेन नाही, गुंतागुंत कमी आणि चार पाने हाती असलेल्या कोणत्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येईल अशी रचना, यामुळे हे इंजिन हयगय सोसण्यासाठीच जणू घडवले गेले होते. पाकिस्तानात ही गाडी अनेक दशके जवळपास त्याच स्वरूपात तयार होत राहिली आहे.

याच आराखड्याची पुढे चीनमध्ये असंख्य कारखान्यांतून नक्कल झाली. म्हणजे स्वस्त चिनी गाडीचे हृदय मुळात दणकट आहे. फरक पडला तो नक्कल करताना कोणते पोलाद वापरले, दातेरी चाकांना उष्णतेची प्रक्रिया किती काळजीने दिली आणि ओतकामातील दोष शोधून ते भाग बाजूला काढले की नाही, यांमुळे. शिवाय नक्कल करताना काही गोष्टी वगळल्याही गेल्या. मूळ सीजीची चेन पूर्ण बंद पेटीत असे. अनेक स्वस्त गाड्यांत ती उघडी असते आणि धूळ-चिखलात लवकर झिजते.

चोंगचिंगचे कारखाने

चीनमधील मोटारसायकल उद्योगाचे एक मोठे केंद्र म्हणजे नैऋत्येकडील चोंगचिंग शहर. तेथील जियालिंग आणि जियानशे हे मुळात शस्त्रास्त्रांचे सरकारी कारखाने. १९८० च्या दशकात ते नागरी उत्पादनाकडे वळले आणि जियालिंगने होंडाशी, तर जियानशेने यामाहाशी सहकार्य केले. या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योजक आसपास उभे राहिले. पुढे १९९० च्या दशकात लिफान, झोंगशेन, लोन्सिन या खासगी कंपन्या याच भूमीतून वर आल्या. झोंगशेनच्या संस्थापकाची सुरुवात तर मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातून झाली होती.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की जपानी कंपनी ज्याप्रमाणे आपल्या पुरवठादाराला नेमका आराखडा देऊन वर्षानुवर्षे त्याच्याशी बांधलेली राहते, तसे येथे घडले नाही. बहुतेक गाड्यांचे आराखडे सारखेच असल्याने एका कारखान्याचा कार्बोरेटर, दुसऱ्याची क्लचप्लेट आणि तिसऱ्याचे शॉकॲब्सॉर्बर एकत्र जोडून गाडी उभी करता येऊ लागली. ज्या आठवड्यात जो पुरवठादार स्वस्त, त्याचा भाग. स्पर्धा इतकी तीव्र झाली की किमती वेगाने घसरल्या आणि गाडी पूर्वी कधीच न परवडलेल्या घरांपर्यंत पोहोचली. त्याच वेगाने गुणवत्तेची खात्रीही निसटत गेली.

सरासरी आणि तफावत

दोन ग्राहकांच्या परस्परविरोधी अनुभवांचे मूळ येथे सापडते. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत वेगवेगळ्या पुरवठादारांचे भाग असू शकतात. एका खेपेतील बेअरिंग चांगल्या पोलादाचे असते, तर पुढच्या खेपेतील नसते. नामांकित कंपनी ग्राहकाला चांगला भाग देतेच, परंतु तिची खरी मिळकत म्हणजे हजारावा भाग पहिल्यासारखाच निघेल ही हमी होय. ही हमी तपासणीतून येते, आणि तपासणीला पैसा लागतो. किमतीतील कपात बहुधा तेथेच झालेली असते. कारखान्यात न झालेली तपासणी मग ग्राहकाच्या दारात, रस्त्यावर होते.

म्हणून अशा गाड्यांतील दोष पुष्कळदा पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये उघडे पडतात. तेवढा काळ ज्या गाडीने सुरळीत काढला आणि जिची देखभाल झाली, ती पुढे अनेक वर्षे चालते. मात्र आपल्या वाट्याला यांपैकी कोणती गाडी येणार, हे विकत घेताना सांगता येत नाही.

काय टिकते, काय झिजते

या वर्गातील गाड्यांच्या तक्रारींत इंजिनाचा खालचा भाग क्वचितच आढळतो. नेहमीच्या तक्रारी पुढीलप्रमाणे असतात.

नट-बोल्ट : चांगल्या प्रतीच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ८०० न्यूटन ताण तुटेपर्यंत सोसणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा न ताणला जाणारा बोल्ट. स्वस्त गाड्यांत यापेक्षा मऊ पोलादाचे बोल्ट वापरलेले असतील तर आटे घासतात, डोके झिजते आणि कंपनांनी बोल्ट सैल होतात.

वीजयंत्रणा : सीडीआय, रेक्टिफायर, कॉइल आणि वायरिंगचे जोड हे सर्वांत दुबळे दुवे. जोडात पाणी शिरले की गंज चढतो आणि गाडी चालता चालता बंद पडते. दोष किरकोळ असतो, पण शोधण्यात दिवस जातो.

रबर आणि सील : कार्बोरेटर व इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीला भेगा पडल्या की हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. पुढच्या फोर्कचे ऑइल सील गळू लागते. टायरचे रबर कठीण असल्यास ओल्या रस्त्यावर पकड सुटते, आणि येथे प्रश्न टिकाऊपणाचा न राहता जिवाचा होतो.

धातूवरील मुलामा : क्रोमचा थर पातळ असेल तर रिम, आरे आणि सायलेन्सर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस दिसू लागतात. टाकीच्या आतला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथील १२५ सी.सी.च्या चिनी गाड्यांविषयी सर्वांत जुनी तक्रार गंजाचीच आहे. समुद्राची खारी हवा आणि वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस असलेल्या गोव्यातील वाचकाला ही तक्रार वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. येथे तर उत्तम प्रतीच्या गाडीचाही सायलेन्सर गंजापासून सुटत नाही.

व्हिएतनामचा धडा

या सर्व गोष्टींची मोठी परीक्षा व्हिएतनाममध्ये झाली. २००० सालच्या सुमारास तेथे होंडाची 'ड्रीम' ही गाडी दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास मिळत असे. चीनमधून सुट्या स्वरूपात येऊन तेथे जोडल्या जाणाऱ्या तशाच गाड्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळू लागल्या. काहींची नावेही होंडाशी मिळतीजुळती होती. देशातील मोटारसायकलींची वार्षिक विक्री एक-दोन वर्षांत काही पटींनी वाढली. खेड्यापाड्यांतील असंख्य कुटुंबांच्या अंगणात पहिल्यांदाच स्वयंचलित वाहन आले.

होंडाने या लाटेला दोन प्रकारे तोंड दिले. २००१ साली तिने चीनमध्ये आपल्याच गाड्यांच्या नकला करणाऱ्या सनडिरो या कंपनीशी भागीदारी केली. पुढच्या वर्षी व्हिएतनाममध्ये 'वेव्ह अल्फा' ही सुमारे ७३० डॉलर किमतीची गाडी आणली. किंमत एवढी खाली आणण्यासाठी तिच्यात चिनी बनावटीचे सुटे भागही वापरले गेले. भाग चिनी होते, परंतु निवड आणि तपासणी होंडाची होती. याच काळात व्हिएतनाम सरकारने आयात भागांवर निर्बंध आणले. चिनी गाड्यांचे दोष वापरातून एव्हाना लोकांसमोर आले होते. थोड्या वर्षांत ग्राहक पुन्हा जपानी नावांकडे वळला आणि चिनी गाड्यांचा वाटा वेगाने घटला.

या घटनेचे सार ध्यानात घेण्याजोगे आहे. स्वस्त गाडी नको, असे व्हिएतनामी ग्राहकाने म्हटले नाही. स्वस्त आणि भरवशाची गाडी मिळताच त्याने ती उचलली. चिनी कारखान्यात चांगला भाग बनू शकत नाही, हा समजही याच घटनेने खोटा ठरवला. पुढे २०१८ साली बीएमडब्ल्यूच्या 'एफ ७५० जीएस' व 'एफ ८५० जीएस' या महागड्या गाड्यांची इंजिने चोंगचिंगच्या लोन्सिनने बनवली. केटीएमच्या 'ड्यूक ७९०' चे उत्पादन हांगचौ येथील सीएफमोटोकडे गेले. तेच मनुष्यबळ आणि तीच यंत्रे. बदलले ते एवढेच की खरेदीदार कंपनी नेमके मोजमाप लिहून देते आणि त्यात न बसणारा भाग परत पाठवते.

आफ्रिकेतील रोजची कसोटी

मोटारसायकलीचा टिकाऊपणा कोठे खरोखर पारखला जात असेल तर तो पूर्व आफ्रिकेत. केनिया-युगांडा सीमेवर प्रवाशांना एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत नेणाऱ्या सायकलींना 'बॉर्डर' या शब्दावरून 'बोडा-बोडा' म्हणत. पुढे सायकलींची जागा मोटारसायकलींनी घेतली आणि हे नाव भाड्याच्या मोटारसायकलींना चिकटले. गोव्यातील मोटारसायकल पायलट जो व्यवसाय करतात, तोच हा व्यवसाय. मात्र तेथे एका गाडीवर दोन-तीन प्रवासी, केळीचे घड, सिमेंटच्या गोणी असा भार असतो आणि रस्ता पुष्कळदा मातीचा असतो. दिवसाला शंभर किलोमीटर धावणारी गाडी वर्षात तीस हजारांचा पल्ला गाठते.

टांझानियात 'सॅनएलजी'सारख्या चिनी गाड्या घरोघरी पोहोचल्या. शेजारच्या युगांडात मात्र पुण्याच्या बजाज ऑटोची 'बॉक्सर' बोडा-बोडाचा पर्याय म्हणून रुजली. बॉक्सर काही चिनी गाडीपेक्षा फार आधुनिक नाही. तिचे बळ वेगळे आहे. ती रस्तोरस्ती दिसते, म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती पाठ असते. मेकॅनिकला ती पाठ असते, म्हणून दुकानदार तिचे भाग ठेवतो. भाग मिळतात, म्हणून जुनी गाडीही चांगल्या भावाने विकली जाते, आणि विकली जाईल या खात्रीमुळे नवा चालक पुन्हा तीच घेतो. टांझानियातील लोकप्रिय चिनी गाडीलाही हाच नियम लागू पडतो. जेथे तिची संख्या मोठी आहे, तेथे तिचे भाग मिळतात आणि ती टिकते. तीच गाडी ज्या देशात मोजक्या संख्येने आली, तेथे एका क्लच केबलसाठी उभी राहते.

पाकिस्तानातील ७० सी.सी.च्या गाड्यांचे उदाहरण याला पूरक आहे. तेथे होंडाच्या 'सीडी ७०' या जुन्या आराखड्यावर चिनी भागांतून जोडलेल्या अनेक स्थानिक नावांच्या गाड्या बऱ्याच कमी किमतीत विकल्या जातात. त्यांचे भाग गल्लोगल्ली मिळतात, म्हणून त्या रस्त्यावर टिकून आहेत. तरीही जुन्या गाडीच्या बाजारात होंडाला मिळणारा भाव त्यांना मिळत नाही. खरेदीच्या वेळी वाचलेल्या पैशातील काही हिस्सा विक्रीच्या वेळी परत जातो.

इंजिनावरील अक्षरे

एकच चिनी गाडी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. आयातदार बदलला की टाकीवरचे नावही बदलते. अशा वेळी गाडीची खरी ओळख इंजिनावर कोरलेल्या संकेतात असते. '१५६ एफएमआय' हा संकेत घेऊ. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ५६ म्हणजे मिलिमीटरमधील सिलिंडरचा व्यास, एफ म्हणजे हवेने थंड होणारे, एम म्हणजे मोटारसायकलीसाठीचे आणि शेवटचा आय म्हणजे १२५ सी.सी.चा गट. शेवटी जे असेल तर १५० आणि एल असेल तर २०० सी.सी.चा गट. हा संकेत माहीत असला की मूळ विक्रेता नाहीसा झाला तरी पिस्टन, रिंगा, गास्केट हे भाग दुसऱ्या नावाने मागवता येतात. प्लॅस्टिकचे पॅनेल, दिवे, स्पीडोमीटर यांना मात्र असा सार्वत्रिक संकेत नसतो. जुन्या गाडीची अडचण बहुधा तेथेच होते.

विक्रेता नाहीसा होणे ही केवळ कल्पना नव्हे. लिफानसारख्या बड्या समूहालाही २०२० साली न्यायालयाच्या देखरेखीखाली दिवाळखोरीच्या पुनर्रचनेतून जावे लागले. लहान आयातदारांची तर गणतीच नाही.

भारतातील स्थिती

भारतात स्वस्त चिनी मोटारसायकलींचा पूर कधी आला नाही. हीरो, बजाज, टीव्हीएस आणि होंडा यांनी कमी किमतीची भरवशाची गाडी देशातच बनवली आणि आयातशुल्कही चढे राहिले. ज्या चिनी मालकीच्या गाड्या आल्या त्या मधल्या वा वरच्या किमतीच्या. बेनेली हे इटालियन नाव २००५ पासून चीनच्या चियानजियांग समूहाकडे आहे. भारतात या गाड्या आधी पुण्यातील एका समूहाच्या भागीदारीत आल्या. २०१८ पासून हैदराबादच्या आदीश्वर ऑटो राइड इंडिया या कंपनीने ती जबाबदारी घेतली. २०१९ साली सुमारे १ लाख ६९ हजार रुपयांना आलेली 'इम्पिरियाले ४००' ही त्याच व्यवस्थेतील. कारखाना तोच राहिला तरी भागीदार बदलला की सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि सुट्या भागांचे कोठार बदलते. जुन्या ग्राहकाला या बदलाचीच सर्वाधिक धास्ती असते.

स्वस्त विजेच्या स्कूटरींत मात्र जुना प्रश्न नव्या रूपात परतला आहे. चीनमधून आलेले भाग जोडून स्थानिक नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी कंट्रोलर आणि बॅटरी आली. तो भाग तीन वर्षांनी कोण देणार, हा प्रश्न तसाच आहे.

घेताना आणि वापरताना

अशी गाडी पेटीतून अर्धवट जोडलेल्या अवस्थेत येते आणि विक्रेत्याकडे पूर्ण होते. म्हणून ताबा घेताना चाकांचे आस, ब्रेक, हँडल आणि इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलावे. या इंजिनांत एक लिटरच्या आसपासच ऑइल असते आणि बहुतेकांत कागदी फिल्टर नसून केवळ जाळी असते, त्यामुळे पुढेही ऑइल उशिरा बदलणे महागात पडते. टॅपेट वेळच्या वेळी तपासून घ्यावेत. वायरिंगच्या जोडांना ग्रीस लावावे, आऱ्यांचा ताण पाहावा, आणि पावसाळ्याआधी उघड्या लोखंडी भागांवर ऑइलचा हात फिरवावा. टायर कठीण वाटत असतील तर ते झिजण्याची वाट न पाहता बदलावेत.

जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा आधीच्या मालकाकडील पावत्या अधिक बोलक्या असतात. आणि नवी घेताना, पैसे मोजण्याआधी, विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीपाशी जावे. त्याच गाडीची क्लच केबल, ब्रेक शू आणि रेक्टिफायर मागून पाहावेत. ते काउंटरवर आले तर बाकीची बोलणी करता येतील. मागवून देऊ, असे उत्तर मिळाले तर पाच वर्षांनंतरही तेच उत्तर मिळेल, असे समजून निर्णय घ्यावा.